अंगणातील गड

इतिहास राजवाड्यांत घडतो, दप्तरांत साठतो आणि ग्रंथांतून वाचावयास मिळतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तो चिखलातही लिहिला जातो आणि लिहिणाऱ्याचे वय कित्येकदा सहा-सात वर्षांहून अधिक नसते, इकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. दिवाळीच्या आधी आठवडाभर वाड्यांच्या अंगणांत, चाळींच्या मोकळ्या जागेत आणि आता सदनिकांच्या गॅलऱ्यांतसुद्धा दगड, विटांचे तुकडे, जुनी पोती आणि माती यांतून जो किल्ला उभा राहतो, त्याकडे आपण बहुधा सुटीतील खेळ म्हणूनच पाहतो. प्रस्तुत लेखात त्या किल्ल्याचा विचार इतिहासाची एक आठवण म्हणून करण्याचा आमचा मानस आहे. बृहन्महाराष्ट्रात, बदलीच्या गावी, सरकारी निवासस्थानात मुले वाढविणाऱ्या आमच्या वाचकांना हा विचार परका वाटणार नाही. किंबहुना तो त्यांच्याच घरचा आहे, असे लेखाच्या ओघात दिसून येईल.

दिवाळी सर्व भारताची आहे. कोठे तिचा संबंध नरकासुराच्या वधाशी जोडला जातो, कोठे श्रीरामचंद्रांच्या अयोध्येतील आगमनाशी, तर व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवर ती लक्ष्मीपूजनाची आणि वहीपूजनाची असते. या पुराणप्रसिद्ध मंडळींत मराठी मुलाने आपल्याकडून आणखी एकाची भर घातली. त्याने पणत्यांच्या ओळीशेजारी एक डोंगर रचला, डोंगरावर तट बांधला आणि अगदी शिखरावर सिंहासन मांडून त्यावर शिवछत्रपतींना बसविले. शास्त्रात या किल्ल्याला विधी नाही, त्याची पूजा नाही आणि त्याला भटजीही लागत नाही. ज्या रूढीला धर्माची आज्ञा नाही, फळाचे आमिष नाही आणि जी न पाळल्यास दोषही लागत नाही, ती रूढी केवळ मुलांच्या आवडीवर टिकून राहावी, यातच तिचे सामर्थ्य दिसून येते.

या खेळावर एक आक्षेप अधूनमधून घेतला जातो. लहान मुलांच्या हाती तोफा आणि तलवारी देऊन सणासुदीला युद्धाचा खेळ कशाला मांडावा, असे काही सुशिक्षित पालक विचारतात. प्रश्न गैर नाही. परंतु त्यात किल्ला म्हणजे केवळ लढण्याची जागा, असे गृहीत धरलेले असते, आणि इतिहास तसे सांगत नाही. सह्याद्रीतील गड ही प्रथम राहण्याची जागा होती. तेथे स्वयंपाक होत असे, धुणी वाळत, गाईगुरे चरत आणि पाळणे हलत. शिवाजीमहाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. संभाजीराजे १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मले आणि राजाराममहाराज २४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर. पुढे शंभर वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यानंतर कारभाऱ्यांनी गरोदर गंगाबाईंना सुरक्षिततेसाठी पुरंदरावरच नेऊन ठेवले. तेथे १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि अवघ्या चाळीस दिवसांचे असताना त्यांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. आणीबाणीच्या वेळी बाळंतिणीची खोली म्हणून ज्या वास्तूचा पहिला विचार मनात येतो, तिला केवळ लढाईचे ठिकाण कसे म्हणावे?

राजघराण्याचीच गोष्ट कशाला? रायगडावरील हिरकणीच्या बुरुजाची कथा महाराष्ट्रातील प्रत्येक आईने आपल्या मुलाला सांगितलेली असते. गडावर दूध घालावयास आलेली गवळण कोजागिरीच्या संध्याकाळी दरवाजे बंद झाल्याने वरच अडकली आणि पायथ्याच्या घरी एकट्या राहिलेल्या तान्ह्या मुलासाठी जीव धोक्यात घालून अंधारात कडा उतरून गेली, अशी ती आख्यायिका आहे. ती दंतकथा असली तरी तिचा अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. रायगडासारख्या राजधानीच्या गडाविषयी लोकांनी शतकानुशतके जी एक गोष्ट जिवापाड जपली, ती वेढ्याची किंवा हल्ल्याची नसून एका तान्ह्या मुलाची आहे. मुलांच्या मातीच्या किल्ल्यावर मावळे आणि तोफा असतात, तशी डोक्यावर हंडा घेतलेली गवळणही हमखास असते. तिच्यावाचून गड पुरा होत नाही, ही जाण मुलांना इतिहासाच्या क्रमिक पुस्तकातून आलेली नव्हे.

गडावरील या संसाराचा सर्वांत विश्वसनीय पुरावा पाहावयाचा असेल तर रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ वाचावे. छत्रपती शिवाजी, संभाजी आणि राजाराम या तिन्ही राजवटी पाहिलेल्या या मुत्सद्द्याच्या नावावर असलेला हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आहे. दुर्ग हेच राज्याचे सार, हा त्यातील सिद्धांत सर्वश्रुत आहे. परंतु त्या प्रकरणाचा पुढील भाग आम्हांस अधिक मनोरंजक वाटतो, कारण तेथे सेनापतीपेक्षा एखाद्या दक्ष गृहस्थाचा आवाज ऐकू येतो. गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या धडाक्याने झरे आटतात. म्हणून जादा टाकी खोदून पाणी जपून वापरावे, असे तो सांगतो. गडावर फळझाडे, फुलझाडे आणि प्रसंगी उपयोगी पडेल असे प्रत्येक झाड लावून राखावे, असे तो सांगतो. इतकेच नव्हे, तर गडावरच्या वाटांवर आणि बाजारात केरकचरा पडू देऊ नये, तो तटाखाली लोटून न देता जागच्या जागी जाळावा आणि ती राख घरोघरच्या परसात घालून भाजीपाला करावा, एवढ्या बारीक गोष्टीही त्याने सोडलेल्या नाहीत. जहाजांसाठी लागणाऱ्या लाकडाच्या संदर्भात तर त्याने रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये असे बजाविले असून, ही झाडे लोकांनी लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे कारण दिले आहे. राज्याचा कारभार सांगताना ज्याला लेकरांची उपमा सुचते, त्याच्या डोळ्यांपुढील गड हा नांदता गड होता, याविषयी शंका राहत नाही.

याच ग्रंथात आमच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल अशी एक तरतूद आहे. गडाचा कारभार एकाच्या हाती कधीच नसे. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांच्यात तो वाटलेला असे, जेणेकरून एकाच्या फितुरीने गड जाऊ नये. या अधिकाऱ्यांना एका जागी फार काळ ठेवू नये, हवालदारास तीन, सरनोबतास चार आणि सबनीस-कारखानिसांस पाच वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी पाठवावे, असा दंडक अमात्यांनी घालून दिला आहे. एका ठिकाणी मुळे रुजली की माणसाचे हितसंबंध तयार होतात आणि कामात दोष शिरतो, ही त्यामागील दृष्टी आजच्या कोणत्याही कार्मिक विभागाला मान्य होईल. तेव्हा दर तीन-चार वर्षांनी सामानाच्या पेट्या बांधणारा मराठी अधिकारी हा काही आधुनिक काळाने निर्माण केलेला प्राणी नव्हे. सबनिसाची बदली राजगडावरून पन्हाळ्यावर झाली की त्याच्याबरोबर त्याचा संसारही डोंगर उतरून डोंगर चढत असला पाहिजे. नव्या गडावरचे टाके कोठे, देवीचे देऊळ कोठे आणि खेळावयास सपाट माची कोठे, याचा शोध त्याच्या मुलांनीही घेतला असणारच. आपल्या मुलांचे नशीब आणि त्या मुलांचे नशीब यांत पिढ्यांचे अंतर असले तरी जातीचे अंतर नाही.

गडाच्या या संसारात गडाखालचे लोकही मोडत होते, हे विसरता कामा नये. डोंगराच्या कमरेला असलेल्या मेटांवर आणि घेऱ्यात महार, मांग, रामोशी, बेरड, कोळी यांची वस्ती असे आणि गडाची पहिली राखण त्यांच्याच जागरणावर चाले. ग्रंथांतून त्यांची नावे अभावानेच येतात. मुलांच्या किल्ल्यात मात्र तटाखालच्या उतारावर शेत असते, विहीर असते, झोपडी असते आणि झोपडीपाशी कोणीतरी काठी घेऊन उभा असतो. शिखरावर राजा आणि पायथ्याशी गाव असल्यावाचून मुलाचे समाधान होत नाही. बखरकारांच्या मांडणीपेक्षा ही मांडणी काही बाबतींत अधिक पूर्ण आहे, असे आम्ही म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

हा नांदता गड ओसाड पडला तो १८१८ साली. त्या वर्षीच्या पहिल्या काही महिन्यांत सिंहगड, पुरंदर आणि इतर अनेक किल्ले इंग्रजांच्या हाती गेले आणि मे महिन्यात तोफांच्या भडिमारानंतर रायगडही पडला. तेथील वाडे आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये म्हणून नाशिक-जुन्नरकडच्या कित्येक किल्ल्यांच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरुंग लावून उडविण्यात आल्या. त्या भागातील गिर्यारोहकांना त्या तुटलेल्या पायऱ्या आजही वाट अडविताना दिसतात. गडकरी खाली उतरले आणि शेतीला लागले. ज्या वास्तूंना अमात्यांनी राज्याचे सार म्हटले, त्यांवर रान माजले. पुढे १८६९ साली महात्मा फुल्यांचा शिवाजीमहाराजांवरील पवाडा प्रसिद्ध झाला आणि १८९६ साली लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने रायगडावर उत्सव साजरा झाला, तेव्हा सुशिक्षित समाजाची दृष्टी पुन्हा गडांकडे वळली. समाजाने आपल्या पडक्या गडांचे स्मरण कसे ठेवावे, याची उत्तरे पवाड्याने, उत्सवाने आणि संशोधनाने आपापल्या परीने दिली. अंगणातला किल्ला हे त्याच प्रश्नाचे मुलांनी दिलेले उत्तर आहे. मोठ्यांचा गड पाडता आला, त्याच्या पायऱ्या उडविता आल्या. मुलांचा गड दर वर्षी मोडतो आणि दर वर्षी नव्याने उभा राहतो, म्हणून त्याला कोणत्याही सुरुंगाचे भय नाही.

आता या बांधकामाच्या शास्त्राकडे वळू. ते शास्त्रच आहे, आणि त्यात हयगय केली की किल्ला दुसऱ्या दिवशी खचतो. प्रथम दगड आणि विटांचे तुकडे रचून डोंगराचा सांगाडा करावयाचा. त्यावर जुने गोणपाट चिखलाच्या काल्यात बुडवून पसरावयाचे, म्हणजे आपोआप घड्या पडून सोंडा आणि घळी तयार होतात. त्यावर चाळलेल्या मातीचा थर हाताने लिंपावयाचा. माती ओली असतानाच चाकूने पायऱ्या कापावयाच्या. वाळल्यावर कापू गेल्यास कडा ढासळते. करवंटी पुरून विहीर, पत्र्याचा डबा आडवा घालून गुहा, पुठ्ठ्याची नळी घालून भुयार, काड्यापेट्यांवर चिखल लिंपून घरे, हे सारे त्या मातीच्या अंगाने होते. वसुबारसेच्या सुमारास उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून हलक्या हाताने पाणी शिंपडले की भाऊबीजेपर्यंत डोंगर हिरवा होतो. वाटांवर रांगोळीची रेघ ओढली आणि तटावर पणत्या ठेवल्या की गड नांदू लागला.

मुलांच्या बरोबरीने वडील माणूस बसले तर याच खेळातून दुर्गशास्त्राचे पुष्कळसे ज्ञान सहज देता येते. मुलाचा पहिला दरवाजा नेहमी समोर असतो आणि पायऱ्या सरळ दरवाजाशी येऊन भिडतात. शत्रू धावत आला तर काय होईल, एवढे त्याला विचारावे. मग दोन बुरुजांच्या कुशीत दरवाजा दडवावयाचा, वाट वळवून आणावयाची, म्हणजे येणाऱ्यावर वरून मारा करता येतो, ही रायगडाच्या महादरवाजाची युक्ती त्याला आपोआप सुचते. राजगडाची संजीवनी माची करावयाची ठरली तर एका तटाबाहेर दुसरा तट कशासाठी, हे सांगावे लागते आणि त्या निमित्ताने ‘चिलखती’ हा शब्द कानावर पडतो. टाक्यासाठी खोदलेला दगडच तटाला वापरीत, हे सांगितले की विहिरीतून निघालेली माती टाकून न देता बुरुजाला लावण्याची बुद्धी होते. ग्रंथातून हे पाठ करावयास लावले असते तर ते परीक्षेपुरते टिकले असते. हाताने केलेले मात्र जन्मभर टिकते.

किल्ल्यावरील चित्रे हा स्वतंत्र विषय आहे. मातीच्या या बाहुल्यांना आपल्याकडे ‘चित्रे’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो शब्दही आता दुर्मीळ होत चालला आहे. कुंभारांनी दोन अर्ध्या साच्यांत माती दाबून, जोडून, वाळवून आणि रंगवून केलेली ही चित्रे गणपती संपले की बाजारात दिसू लागत. पुण्यात कसब्याजवळच्या कुंभारवाड्यात ती घ्यावयास जाणे हा दिवाळीचा एक भागच होता. त्यांत सिंहासनावरचे महाराज, भालदार, घोडेस्वार, ढाल-तलवार घेतलेले मावळे, तोफ, वाघ, गवळण आणि शेतकरी अशी सारी मंडळी असत. त्यांच्या आकारात प्रमाण नसे. वाघ दरवाजापेक्षा उंच आणि शेतकरी बुरुजाएवढा, असे चालावयाचे, आणि कोणाही मुलाला त्यात काही खटकत नसे. पुढे मातीची जागा प्लास्टर ऑफ पॅरिसने घेतली, त्यानंतर प्लॅस्टिक आले, आणि आता तर बुरुज-दरवाजांसह तयार किल्लाच दुकानातून उचलून आणता येतो. तो पाणी लागले तरी विरघळत नाही आणि पुढील वर्षी पुन्हा मांडता येतो. सोय मोठी आहे, यात संशय नाही. मात्र त्यात मुलाने करावयाचे काही उरत नाही.

येथे आमच्या विषयाच्या मर्माशी आपण येऊन पोहोचतो. महाराष्ट्रातील मुलाने तयार किल्ला आणला तरी शेजारच्या अंगणात खरा किल्ला होत असतो. चिखलाचा वास त्याला चुकत नाही. परगावी वाढणाऱ्या मराठी मुलाची स्थिती निराळी आहे. दिल्लीच्या, लखनौच्या किंवा कोलकात्याच्या सरकारी वसाहतीत दिवाळीचा थाट कमी नसतो, परंतु तेथे किल्ला आपल्या घरी झाला नाही तर तो कोठेच होत नाही. त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे शब्द. शाळेची भाषा इंग्रजी, मैदानावरची हिंदी किंवा बंगाली, आणि घरी ‘जेवायला चल’, ‘अभ्यास झाला का’ एवढ्यापुरती मराठी, असा पुष्कळ घरांतील हिशेब आहे. अशा मुलाला तट, बुरूज, माची, दिंडी, देवडी, टाके, जंग्या, चर्या, नगारखाना हे शब्द कोण सांगणार? शब्दकोशातून शब्दाचा अर्थ कळतो, ओळख होत नाही. ओला चिखल थापताना ‘हा बुरूज जरा फुगीर कर’ असे वडिलांनी म्हटले म्हणजे तो शब्द मुलाच्या बोटांत शिरतो. भाषा टिकविण्यासाठी आपण मंडळे काढतो, वाचनालये चालवितो, गणेशोत्सवात नाटके करतो, आणि ते सर्व योग्यच आहे. परंतु दोन पाट्या माती आणि दोन संध्याकाळ यांनी जे साधते, ते कित्येकदा वार्षिक संमेलनाने साधत नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

यावर नेहमीची अडचण पुढे येते, ती म्हणजे परमुलखात साहित्य मिळत नाही. आमच्या मते ही अडचण साहित्याची नसून सवडीची आहे. माती सर्वत्र आहे. तिचा स्वभाव मात्र ओळखावा लागतो. माळव्याची काळी माती वाळताना आकसून भेगाळते, म्हणून तिच्यात वाळू आणि भुसा मिसळावा. राजस्थानकडची रेताड माती धरत नाही, तिला शेणाची आणि चिकणमातीची जोड द्यावी. बंगालची गाळाची माती तर मूर्तिकारांच्या पसंतीची; तिला फार काही करावे लागत नाही. मोहरी उत्तर भारतात कोठेही मिळते, आणि तिकडे कार्तिकात थंडी पडू लागत असल्याने ती दोन दिवस आधी पेरली म्हणजे झाले. चित्रे मिळत नसतील तर मुलांनीच ती करावी, अथवा तेथील कारागिरांकडे जावे. नदिया जिल्ह्यात कृष्णनगरजवळील घुर्णीचे कुंभार मातीच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहेत. कोलकात्याच्या एखाद्या मराठी गडाच्या पायथ्याशी घुर्णीचा मासे धरणारा कोळी उभा राहिला, तर त्यात गडाची काही अप्रतिष्ठा नाही. महाराजांच्या राज्यात कोळी होतेच.

शिवाय आजूबाजूस पाहिले तर आपल्या मुलांना सोबतीही भेटतील. बिहारात आणि उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात दिवाळीला मुली मातीचे छोटे घर रचतात, त्याला ‘घरौंदा’ म्हणतात आणि चिमुकल्या बोळक्यांत लाह्या-मिठाई भरून ते सजवितात. माळव्यात पितृपक्षात मुली भिंतीवर शेणाने ‘संजा’ची चित्रे काढून ती फुलांच्या पाकळ्यांनी मढवितात आणि अखेरच्या दिवसांत ‘किलाकोट’ रचतात. म्हणजे तेथेही शेवटी किल्लाच येतो. तमिळनाडूत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्यांची मांडणी होते, तिला ‘कोलू’ म्हणतात. तंजावरच्या मराठी घरांनी तो कोलू आपलासा केला. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य जेथे नांदले आणि जेथील बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली मराठी भाषेत प्रदीर्घ शिलालेख कोरला गेला, तेथील मराठी माणसांनी शेजाऱ्यांचे घेतले आणि आपलेही राखले. बिहारी शेजारणीच्या घरौंद्याशेजारी मराठी मुलाचा किल्ला उभा राहिला, तर दोन्ही मुलांच्या ज्ञानात भर पडेल आणि भिंत कोणाचीही पडणार नाही.

परमुलखात बसून गडाची आठवण जागविणे ही तर आपली जुनीच परंपरा आहे. रायगडाला वेढा पडल्यावर १६८९ साली राजाराममहाराजांनी दक्षिणेची वाट धरली आणि पुढे ते शेकडो कोस दूर तमिळ प्रांतातील जिंजीच्या किल्ल्यात जाऊन राहिले. शिवाजीमहाराजांनी तो किल्ला १६७७ साली घेऊन ठेवला होता, तो असा कामी आला. मोगलांच्या वेढ्यात, भोवती अनोळखी भाषा आणि अनोळखी हवा असताना, राजाराममहाराजांनी कृष्णाजी अनंत सभासद या जुन्या सेवकास थोरल्या महाराजांचे चरित्र लिहावयास सांगितले. १६९७ च्या सुमारास सभासदाने ते पुरे केले. शिवचरित्राचे हे आद्य आणि सर्वांत मान्य मराठी साधन. रायगडाचा राज्याभिषेक, प्रतापगडचा प्रसंग, गडांची व्यवस्था हे सारे ज्या पानांतून आपण प्रथम वाचतो, ती पाने सह्याद्रीच्या सावलीत लिहिली गेली नाहीत. आपल्या मुलुखापासून दूर, कामाच्या जागी, एका वृद्ध अधिकाऱ्याने आठवणीतून तो गड पुन्हा रचला. आपण त्याला बखर म्हणतो. परंतु विटामातीऐवजी शब्दांनी बांधलेला तोही एक अंगणातील गडच होता.

या गोष्टीला अलीकडे एक समर्पक जोड मिळाली आहे. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत. बारावा किल्ला जिंजी हा तमिळनाडूत आहे. बाराजणांच्या या पंक्तीत एक परगावी नेमणुकीवर असलेला आहे, असे आमच्या वाचकांनी समजावे आणि त्याचा थोडा अभिमान बाळगावा.

जागतिक वारशाचे रक्षण सरकार करील, पुरातत्त्व खाते करील, त्यासाठी कायदे आणि निधीही असतील. अंगणातील गडाला यांपैकी काहीच नाही. भाऊबीज आटोपली की मुले स्वतःच त्याच्या दरवाजात फटाका लावतात, बुरूज उडतो, माती पुन्हा फुलझाडांच्या वाफ्यात जाते आणि चित्रे चिंध्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवली जातात. बदलीचा हुकूम आला तर सामानाच्या पेट्यांत एवढी चित्रे तेवढी आठवणीने टाकावीत. माती बरोबर नेण्याचे कारण नाही; ती पुढच्या गावी असतेच.